शर्यतीआधी लिहिलेली ओळ: रेस खेळणाऱ्याच्या वहीत काय असावं

२२ सप्टेंबर २०२५ पासून घोड्यांच्या शर्यतीवर लावलेल्या पैशांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. लॉटरी, कॅसिनो आणि रेस एकाच पंगतीत बसले. तेव्हापासून मुंबईच्या महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर जाणाऱ्यांत कराबद्दल बरंच बोललं जातं. पण ‘या वाढीव करापायी तुमचे वर्षाला किती रुपये जास्त जातात?’ असं विचारलं की उत्तर येत नाही. कर वाढण्याआधी किती जात होते, हेच कुणी मोजलेलं नसतं. गेल्या मोसमात किती लावले आणि किती परत आले, या प्रश्नाला तर ठरलेलं उत्तर आहे: “तसा मी बरोबरीत आहे.”

सगळेच बरोबरीत असतील तर शर्यती भरवणाऱ्या रेस क्लबचा खर्च, सरकारचा कर आणि बुकीचा नफा येतो कुठून? हा हिशेब जुळत नाही, आणि तो का जुळत नाही हे वही ठेवल्याशिवाय कळत नाही. ही वही कशी असते, ती केव्हा खरं सांगते आणि केव्हा फसवते, हे इथं समजून घेऊ. रेस खेळा असं मी कुणाला सांगत नाही. पण जे खेळतात त्यांना, आणि त्यांच्या घरच्यांनाही, खरा आकडा दिसला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

## आधी पैशाचा रस्ता पाहू

रेसकोर्सवर पैसे लावायचे दोन मार्ग आहेत. एक टोट, दुसरा परवानाधारक बुकी.

टोट म्हणजे एक सामाईक गल्ला. समजा एका शर्यतीत ‘विन’साठी, म्हणजे पहिला कोण येणार यावर, सगळ्यांचे मिळून १ लाख रुपये जमले. त्यातून क्लबचा वाटा आणि इतर कपात निघाली आणि ८० हजार उरले असं धरू. जिंकलेल्या घोड्यावर एकूण २० हजार लागले असतील तर त्या लोकांना रुपयाला चार रुपये मिळतील. म्हणजे टोटवर तुमचा सामना घोड्याशी नसतो, क्लबशीही नसतो. तो शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या खेळणाऱ्यांशी असतो. गल्ल्यातून आधीच कपात झालेली असल्यामुळे सगळ्यांनी मिळून जेवढे टाकले तेवढे सगळ्यांना मिळून कधीच परत मिळत नाहीत.

बुकी मात्र पैसे घेताना भाव ठरवून देतो. भाव ३-१ म्हणजे १०० लावून घोडा आला तर ३०० नफा आणि तुमचे १००, असे ४०० हातात. भाव हा शब्द पुढं सारखा येणार आहे, म्हणून त्यामागची एक गोष्ट पक्की करून घेऊ. प्रत्येक भावाला एक ‘बरोबरीचा टक्का’ असतो. ३-१ ला चारातून एकदा जिंकलं तर पैसे बरोबरीत, म्हणजे २५ टक्के. ४-१ ला २० टक्के, ९-१ ला १० टक्के, आणि १-१ ला ५० टक्के.

आता यात कर घाला. १०० च्या बेटवर, म्हणजे पैजेवर, ४० रुपये कर वरून दिला असं धरलं तर खिशातून १४० जातात आणि ३-१ ला परत येतात तेच ४००. बरोबरीचा टक्का २५ वरून थेट ३५ वर जातो. ४-१ ला तो २८ होतो. १-१ ला तर ७०, म्हणजे ज्या घोड्याला लोक ‘अर्धी-अर्धी’ म्हणतात तो दहातून सात वेळा आला तर कुठं तुम्ही जागच्या जागी. कर तिकिटावर वरून घेतला काय आणि गल्ल्यातून कापला काय, शेवटी तो खेळणाराच भरतो.

एवढ्यावर थांबत नाही. रेसमध्ये जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आहे, वर ४ टक्के उपकर. एका वेळची जिंकलेली रक्कम १० हजारांच्या वर गेली की कर कापूनच पैसे हातात येतात. त्याखालची रक्कम करमुक्त असते हा समज चुकीचा आहे. तिथं फक्त आगाऊ कपात होत नाही. आणि सगळ्यात बोचणारा नियम असा की हरलेले पैसे जिंकलेल्या रकमेतून वजा करता येत नाहीत. वर्षभरात ६० हजार जिंकले आणि ८० हजार हरले, तर माणूस म्हणतो, “वीस हजारांचा फटका बसला.” कायद्याच्या हिशेबात ६० हजारांवर १८,७२० रुपये कर बसतो. म्हणजे खरा फटका ३८,७२० चा.

हा आकडा डोक्यात राहत नाही. तो कागदावरच दिसतो.

## आठवण हिशेब का ठेवत नाही

टॉमस गिलोविच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८३ साली पैज लावणाऱ्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या पैजा फुटबॉलवरच्या होत्या, पण जे सापडलं ते रेसकोर्सवर रोज ऐकू येतं. लोक हरलेल्या पैजा विसरतात असा सर्वसाधारण समज आहे. त्याला उलटं आढळलं. लोक हरलेल्या पैजांबद्दल जिंकलेल्यांपेक्षा जास्त बोलत होते, पण ते बोलणं त्या पुसून टाकण्यासाठी होतं. अमुक झालं नसतं तर जिंकलोच होतो. जिंकलेली पैज मात्र कुणी उलगडून बघत नव्हतं. ती आपल्या अकलेचा पुरावा म्हणून जशीच्या तशी जमा होत होती.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर जॉकीनं घोडा उशिरा सोडला, वळणावर अडकला, फोटो-फिनिशमध्ये नाकभर फरकानं गेला. या सगळ्या हरलेल्या बेटा मनात ‘जवळजवळ जिंकलेल्या’ म्हणून बसतात. मोसमाच्या शेवटी मन बेरीज करतं तेव्हा जिंकलेल्या आणि जवळजवळ जिंकलेल्या एकाच बाजूला पडतात, म्हणून ‘बरोबरीत’.

कांद्याच्या ज्या गाडीला चांगला भाव मिळाला तेवढीच आडतीची पट्टी जपून ठेवली आणि बाकीच्या पट्ट्या फेकून दिल्या, तर कांद्यानं वर्षाला काय दिलं हे त्या शेतकऱ्याला कधीच कळणार नाही. हमाली, तोलाई, भाडं सगळं धरून प्रत्येक पट्टी लागते. रेसच्या वहीचा पहिला नियम हाच: प्रत्येक बेट, एकही न गाळता. मित्राबरोबर भागीत लावलेले पन्नास रुपये, शेवटच्या रेसला घाईनं काढलेलं तिकीट, जॅकपॉटचा हिस्सा, सगळं. माणूस मोठ्या बेटा लिहितो आणि किरकोळ गाळतो, पण गळती बहुतेक वेळा त्या किरकोळ बेटांतच असते. जाण्यायेण्याचा खर्च, प्रवेशाचं तिकीट, रेसबुकची, म्हणजे घोड्यांची माहिती छापलेल्या पुस्तिकेची, किंमत हेही वेगळ्या रकान्यात लिहावं.

## दोन नोंदी: एक आधी, एक नंतर

बहुतेक वह्या इथंच फसतात. रेस संपल्यावर, घरी गेल्यावर, रविवारी निवांत बसून लिहिलेली नोंद हिशेबाला चालते, पण शिकायला निरुपयोगी. निकाल कळल्यावर कारणं आपोआप शहाणी होतात. “मला वाटलंच होतं” हे वाक्य ज्या वहीत शिरलं ती वही बंद केलेली बरी.

म्हणून बेटचं कारण शर्यत सुटायच्या आधी लिहायचं. एकच ओळ, पेननं, खाडाखोड नाही. मोबाइलमध्ये लिहिलंत तरी चालेल, फक्त वेळ आपोआप नोंदली जाईल अशा ठिकाणी लिहा. ती ओळ अशी असते (हँडिकॅप म्हणजे काय ते पुढं येईल):

‘शनिवार, पुणे, चौथी रेस, १२०० मीटर, हँडिकॅप. ५ नंबर. भाव ४-१. माझा अंदाज ३० टक्के. १०० चं विन, करासह १४०. कारण: मागं १४०० ला शेवटच्या २०० मीटरमध्ये दमला, आज अंतर कमी. वजन दीड किलो कमी.’

शर्यतीनंतर त्याखाली (लेंग्थ म्हणजे एका घोड्याच्या लांबीएवढं अंतर):

‘दुसरा, पाऊण लेंग्थनं. सुटताना भाव ३-१. परत शून्य. दमला नाही. गेट उघडल्यावर मागं पडला, ती दोन लेंग्थ भरून काढली. अंतराचा अंदाज बरोबर. गेटमधून कसा सुटतो हे मागच्या रेसांत पाहिलंच नव्हतं.’

या दोन नोंदींत तीन गोष्टी अशा आहेत ज्या सहसा कुणी लिहीत नाही, आणि वहीचा सगळा जीव त्यांच्यातच आहे.

पहिली, स्वतःचा टक्का. ‘येणारच’ किंवा ‘चान्स आहे’ असं लिहून काही तपासता येत नाही. ३० टक्के लिहिलं की ते तपासता येतं. ज्या ज्या घोड्यांपुढं तुम्ही ३० लिहिलं ते पन्नास घोडे गोळा करा. अंदाज बरा असेल तर त्यातले पंधराच्या आसपास आलेले असतील. सातच आले असतील तर तुमचे ३० टक्के खरं तर १४ आहेत, आणि यापुढं ‘३० टक्के’ वाटलं की निम्म्यानं कमी करायचं. हे कळायला दुसरा कुठलाही मार्ग नाही. शिवाय टक्का लिहायची सवय लागली की आपोआप एक प्रश्न पडतो: ४-१ ला करासह २८ टक्के लागतात आणि मी ३० म्हणतोय, एवढ्या दोन टक्क्यांवर १४० रुपये टाकायचे का? अनेकदा उत्तर ‘नको’ येतं. न लावलेली बेटही लिहावी. निकाल काहीही लागो, वही इथंच आपली किंमत वसूल करते.

दुसरी, भाव कुठून कुठं गेला. तुम्ही ४-१ ला घेतला आणि सुटताना ३-१ झाला, म्हणजे तुमच्यानंतर आलेल्या पैशानं तुमच्याच बाजूनं कौल दिला. घोडा हरला तरी अंदाज बाजारापेक्षा लवकर होता. उलट तुम्ही नेहमी ३-१ ला घेता आणि सुटताना तो ५-१ असतो, तर दोन-चार घोडे आले तरी खूश होऊ नये. टोटवर हे आणखी महत्त्वाचं, कारण तिथं बोर्डावर दिसणारा भाव हा भाव नसतोच. खिडक्या बंद झाल्यावर जे उरतं तेवढंच मिळतं. दिसलेला आणि मिळालेला, दोन्ही लिहा.

तिसरी, कारण खरं ठरलं की नाही. हे निकालापेक्षा वेगळं आहे. घोडा आला पण तुम्ही म्हणालात त्या कारणानं आला नाही, असं होतं. पुढं पळणारे दोघे एकमेकांत दमले आणि तुमचा मागून सहज निघाला. तुमच्या वहीत कारण होतं ‘हा पुढं पळून नेईल’. पैसे मिळाले, अंदाज चुकला. तसंच लिहायचं.

## घोड्यांची वही वेगळी ठेवा

पैशांची वही एक, आणि शर्यत बघून केलेल्या टिपणांची दुसरी. दोन्ही एकत्र केल्या की हरलेल्या पैशाचा राग घोड्याच्या नोंदीत उतरतो.

हँडिकॅप म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकून सगळ्यांना शक्य तेवढं बरोबरीत आणायचं. प्रत्येक घोड्याला गुण असतात, त्यालाच रेटिंग म्हणतात, आणि आपल्याकडं एका गुणाला अर्धा किलो असा हिशेब आहे. घोडा जिंकला, रेटिंग सहानं वाढलं, तर त्याच वर्गात पुढच्या वेळी तो तीन किलो जास्त घेऊन पळतो. म्हणून ‘मागच्या वेळी जिंकला होता’ ही नोंद अर्धवट आहे. किती वजनावर, कितव्या वर्गात, किती अंतरावर आणि किती लेंग्थनं जिंकला, हे चार आकडे तिच्यासोबत हवेत. शिकाऊ जॉकीला वजनात मिळालेली सूटही लिहायची, कारण पुढच्या वेळी मोठा जॉकी बसला की ती सूट जाते.

यातलं बरंचसं रेसबुकात छापलेलंच असतं. छापील गोष्टी पुन्हा उतरवण्यात वेळ घालवू नये. वहीत यायला हवं ते छापलेलं नसतं तेच: डोळ्यांनी पाहिलेलं. शर्यत सुरू असताना सगळ्यांची नजर पुढच्या दोघांवर असते. टिपणं करणाऱ्यानं तीच रेस व्हिडिओवर पुन्हा बघावी, आणि पुन्हा बघताना मागच्यांकडं बघावं. कोण वळणावर तिसऱ्या-चौथ्या रांगेत बाहेरून आला? बाहेरून येणाऱ्याला अंतरच जास्त पडतं. कुणाला जागा मिळाली नाही आणि जॉकीला लगाम खेचावा लागला? कोण चौथा आला पण जॉकीनं चाबूक उचललाच नाही? ‘चौथा, साडेतीन लेंग्थ’ एवढंच निकालपत्रात दिसतं. त्याच्या शेजारी ‘२०० मीटरला अडकला, मोकळा झाल्यावर धावला’ ही ओळ फक्त तुमच्याकडं असते.

पण सावध राहा, कारण इथंच मनाला पळवाट सापडते. ज्या घोड्यावर आपले पैसे होते त्याचीच अडचण आपल्याला दिसते. यावर मला एकच उपाय भरवशाचा वाटतो. एका रेसची नोंद करायची तर किमान तीन घोड्यांची करायची, आणि त्यातला एक तरी असा हवा ज्यावर आपला पैसा नव्हता.

वेळेबद्दल थोडं. १२०० मीटर कुणी किती सेकंदांत काढलं हा आकडा भुरळ घालतो, पण सुटा आकडा कामाचा नसतो. पावसानं मऊ झालेल्या जमिनीवर तोच घोडा हळू पळतो. जमीन किती मऊ आहे हे पेनेट्रोमीटर नावाच्या साधनानं मोजतात आणि ते माप शर्यतीच्या दिवशी जाहीर होतं. आतलं गवत जपण्यासाठी कधी कधी कठडा बाहेर सरकवतात, त्याला फॉल्स रेल म्हणतात; त्यानंही वेळ बदलते. त्यामुळं वेळ लिहायची तर त्याच दिवशी त्याच अंतरावर पळालेल्या दुसऱ्या रेसच्या शेजारी ठेवून लिहायची. आजच्या वेळेची गेल्या महिन्याच्या वेळेशी तुलना करण्यात अर्थ नाही. पुणे आणि मुंबई यांची पानंही वेगळी असावीत. पुण्याचा मोसम पावसाळ्यात, जुलैच्या सुमाराला सुरू होतो. मुंबईचा नोव्हेंबरच्या आसपास सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतो. जमीन वेगळी, वळणं वेगळी. एका ठिकाणी उठून दिसणारा घोडा दुसरीकडं तसाच पळेल असं धरून चालू नये.

## जास्त लिहिलं म्हणजे जास्त कळतं का?

नाही. आणि याचा पुरावा रेसमधलाच आहे.

पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञानं १९७३ साली आठ अनुभवी रेसतज्ज्ञांना घेऊन प्रयोग केला. जुन्या शर्यतींची माहिती, घोड्यांची नावं झाकून, त्यांच्यापुढं ठेवली. आधी प्रत्येकानं आपल्याला सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या पाच बाबी निवडल्या आणि अंदाज केले. मग दहा बाबी, मग वीस, मग चाळीस. पाच बाबींवर पहिला घोडा ओळखण्याचं प्रमाण सुमारे १७ टक्के होतं. चाळीस बाबींवरही तेवढंच. बदलला तो फक्त आत्मविश्वास: पाच बाबी असताना तो सुमारे १९ टक्के, म्हणजे वास्तवाला धरून होता, चाळीस बाबींपर्यंत तो ३० टक्क्यांच्या पुढं गेला.

रंगीत पेनं, वीस रकाने आणि एक्सेलमधले आलेख यांनी माणूस अधिक बरोबर होत नाही, अधिक ठाम होतो, आणि ठाम माणूस जास्त पैसे लावतो. म्हणून माझा आग्रह कमी रकान्यांचा आहे. तारीख, ठिकाण, रेस, अंतर, घोडा, दोन भाव, टक्का, करासह रक्कम, परत आलेली रक्कम, आणि एका ओळीचं कारण. याच्या पलीकडं रकाना वाढवायचा असेल तर त्यामुळं कुठला निर्णय बदलेल हे आधी स्वतःला सांगता आलं पाहिजे.

## किती बेटांनंतर बोलावं?

समजा एक माणूस कुठलीही कपात आणि कर नसताना ३-१ च्या भावाला बरोबर २५ टक्के वेळा जिंकतो. म्हणजे तो खरोखरच बरोबरीत आहे. त्याच्या कुठल्याही दहा बेटा घेतल्या तर त्या दहाच्या दहा हरण्याची शक्यता साधारण अठरात एक आहे. १०० बेटांच्या मोसमात सलग दहा हरण्याची पाळी येणं यात नवल काही नाही. त्या दहानंतर ‘आता आपली पद्धतच बिघडली’ म्हणून पद्धत बदलणारा आणि ‘आता तर येणारच’ म्हणून दुप्पट लावणारा, दोघेही नशिबाच्या साध्या हेलकाव्याला अर्थ चिकटवतात.

याच माणसाच्या १०० बेटांची बेरीज केली तर नुसत्या नशिबानं तो १७ पासून ३३ वेळांपर्यंत कितीही जिंकू शकतो. म्हणजे लावलेल्या पैशांवर ३२ टक्के तोट्यापासून ३२ टक्के नफ्यापर्यंत काहीही, आणि कौशल्य तेच. १,००० बेटांनंतर ही पट्टी आक्रसून साधारण ११ टक्के इकडं-तिकडं येते. एका मोसमात नफा झाला म्हणून नोकरी सोडायचा विचार करणाऱ्या तरुणांना हा परिच्छेद दोनदा वाचायला लावावा असं मला वाटतं. शंभर बेटांचा नफा काहीही सिद्ध करत नाही.

तोट्याचं मात्र थोडं वेगळं आहे. कपात आणि कर धरल्यावर सर्वसाधारण खेळणारा तोट्यातच असायला हवा, हे आधीच माहीत आहे. त्यामुळं वहीत शंभर बेटांनंतर तोटा दिसला तर ‘अजून नमुना लहान आहे’ ही सबब चालत नाही. आपण सर्वसाधारण खेळणाऱ्यापेक्षा वेगळे आहोत हे आपल्यालाच सिद्ध करायचं असतं.

म्हणूनच नव्या माणसानं पहिला सबंध मोसम कागदी बेटा लावाव्यात. कारण, भाव, टक्का, कराची रक्कम सगळं लिहायचं, फक्त खिडकीवर जायचं नाही. कागदावर जी पद्धत तग धरत नाही ती पैशानंही धरणार नाही. आणि कागदी बेटा खऱ्या बेटांच्या पानावर कधीही लिहायच्या नाहीत.

## “रेस हा कौशल्याचा खेळ आहे, सुप्रीम कोर्टानं म्हटलंय”

म्हटलं आहे. १९९६ साली, मद्रास रेस क्लबच्या संबंधातल्या लक्ष्मणन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग मोठा आहे असं ठरवलं. घोड्याची तयारी, जॉकीचं कसब, वंश, वजन, अंतर यांचा अभ्यास करता येतो, म्हणून ती निव्वळ नशिबावर चालणाऱ्या जुगारात मोडत नाही. हा निकाल कायद्यासाठी आहे. खेळात कौशल्य असतं याचा अर्थ ते तुमच्याकडं आहे असा होत नाही, आणि ते असलं तरी ४० टक्के कर आणि कपात ओलांडण्याइतकं आहे असाही होत नाही. ते आहे का, हे कोर्टाला माहीत नाही. तुमच्या वहीतला टक्क्यांचा रकाना ते सांगू शकतो.

## “माझी टीप थेट तबेल्यातून येते”

असू दे. टिपेसाठी एक खूण ठरवा आणि टीप देणाऱ्याचं आद्याक्षर कारणाच्या ओळीत लिहा. चाळीस-पन्नास टिपा झाल्या की प्रत्येक आद्याक्षरापुढं किती आले आणि काय भावानं आले ते मांडा. टिपेचं दुखणं बहुतेक वेळा ती खोटी असण्यात नसतं. ती तुमच्यापर्यंत येईतो आणखी शंभर जणांपर्यंत गेलेली असते, आणि भाव पडलेला असतो. घोडा येतो, पण ज्या भावानं येतो त्यात तुमचे पैसे सुटत नाहीत. तोंडी हिशेबात ती ‘बरोबर निघालेली टीप’ असते, वहीत तोटा.

‘सगळं आधीच ठरलेलं असतं’ असं म्हणणाऱ्यांनीही तेच करावं. शर्यतींवर स्टुअर्ड, म्हणजे देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांची, नजर असते, चौकशा होतात, जॉकींना शिक्षाही होतात. तरी हे सगळं खोटं आहे असं कुणाला खरंच वाटत असेल तर कारणाच्या रकान्यात तसं लिहावं, आणि मग त्याच ओळीत पैसे का लावले तेही लिहावं.

## “परदेशात लोक यातून कोट्यधीश झालेत”

बिल बेंटर हा अमेरिकन माणूस १९८०च्या दशकाच्या मध्याला हाँगकाँगला गेला आणि कॉम्प्युटरच्या जोरावर रेसमधून त्यानं प्रचंड पैसा मिळवला, हे खरं आहे. त्यानं आपल्या पद्धतीवर १९९४ साली एक शोधनिबंधही लिहिला. त्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट ही की शेकडो शर्यतींची माहिती घालून बनवलेलं त्याचं गणित एकट्यानं पुरत नव्हतं. लोकांच्या पैशानं ठरलेला भाव त्यात मिसळला तेव्हा ते चालू लागलं. म्हणजे हजारो लोकांच्या एकत्रित अंदाजाला त्यानंही मान दिला. आपला टक्का भावापेक्षा फार वेगळा असेल तर आधी आपलंच काही चुकतंय का ते बघावं, हा धडा कुणालाही घेता येतो.

त्याची परिस्थिती मात्र उचलून आणता येत नाही. हाँगकाँगमध्ये हॅपी व्हॅली आणि शा टिन ही दोनच मैदानं, तेच घोडे पुन्हा पुन्हा एकमेकांविरुद्ध पळतात, त्यामुळं नोंदी घट्ट जमतात. तिथला टोटचा गल्ला अवाढव्य, म्हणून मोठी रक्कम टाकली तरी भाव फारसा हलत नाही. आपल्याकडं लहान गल्ल्यात मोठी रक्कम टाकली की आपणच आपला भाव पाडतो. आणि तिकिटावर ४० टक्के करानंतर जे गणित टिकेल ते कसं असेल याची कल्पना वर ३-१ च्या उदाहरणात आलीच आहे.

## वही काय दाखवते तेव्हा थांबायचं?

रकमेच्या रकान्यावरून बोट खाली फिरवा. हरलेल्या बेटनंतरची बेट आधीपेक्षा मोठी आहे, असं पुन्हा पुन्हा दिसतंय का? शेवटच्या दोन रेसांना लावलेली रक्कम पहिल्या पाचांच्या बेरजेइतकी आहे का? कारणाच्या ओळी दिवसाच्या शेवटी कोऱ्या आहेत का? पैसा कुठून आला हे लिहायला लाज वाटते का? मी या प्रश्नांना नफा-तोट्याच्या बेरजेपेक्षा जास्त वजन देतो. हरलेला पैसा वसूल करायला निघालेला माणूस रेस बघत नसतो, तो कालच्या आकड्याशी भांडत असतो.

रेसकोर्सबाहेरच्या बेकायदा बुकीकडं फोनवर लावलेल्या बेटांची गोष्ट आणखी गंभीर आहे. तिथं कायद्याचं संरक्षण नाही, पावती नाही, आणि व्यवहार उधारीवर चालतो. खिशातली नोट जाताना दिसत नाही, त्यामुळं आकडा वाढत जातो आणि देणं अंगावर आल्यावरच कळतं. अशा बेटा वहीत लिहायचं धाडस होत नसेल तर तेच पुरेसं उत्तर आहे.

घरच्यांपासून वही लपवावी लागतेय, उसनवारी सुरू झालीय, झोप उडालीय, तर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथं मराठीतही बोलता येतं. घरच्या माणसानं फोन केला तरी चालतो.

## आर्थिक वर्षाच्या शेवटी

वही फक्त स्वतःसाठी असली तरी तिचा एक उपयोग सरकारदरबारी आहे. रेसमध्ये जिंकलेली रक्कम असेल तर पगारदारांचा नेहमीचा सोपा ‘सहज’ फॉर्म चालत नाही. दुसरा फॉर्म भरावा लागतो आणि ही रक्कम त्यात वेगळी दाखवावी लागते. कापलेला कर २६एएस या विवरणात दिसतो, पण १० हजारांच्या आतल्या ज्या रकमांवर कपात झालेली नाही त्या तिथं सापडणार नाहीत. त्या तुमच्या वहीतूनच काढाव्या लागतात, म्हणून परत आलेल्या प्रत्येक रकमेपुढं तारीख हवी आणि मोठ्या रकमेची पावती पानाला टाचलेली हवी. मुंबईचा मोसम ३१ मार्चला संपत नाही, तो पुढं एप्रिलमध्ये जातो. तेव्हा मोसमाची बेरीज एक आणि करासाठीची बेरीज दुसरी: ३१ मार्चच्या आधीच्या शेवटच्या रेसखाली आडवी रेघ मारा, तिथपर्यंतच्या जिंकलेल्या रकमा वेगळ्या मांडा आणि ते पान विवरणपत्र भरणाऱ्याला द्या.